सागोतीबरोबर रेड वाइन, हजार रुपयांच्या आत

प्रश्न: पुढच्या रविवारी लेक आणि जावई पुण्याहून कणकवलीला येतायत. रात्रीला कोंबडी-वडे, कोलंबीचं सुकं, तळलेला बांगडा आणि सोलकढी करणार आहे. जावयांना रेड वाइन आवडते. गेल्या दिवाळीत तालुक्याच्या दुकानातून एक बाटली आणली होती. ती प्यायल्यावर तोंड आवळून आलं, घशात जाळ झाला, आणि जावयांनी दोन घोटांनंतर ग्लास बाजूला सरकवला. बोलले काही नाहीत, पण मला कळलं. आमच्या घरात यातलं कोणालाच काही कळत नाही. हजार रुपयांच्या आत चांगली कुठली घ्यावी? पिणारे दोघंच, जावई आणि आमचे हे.
— एक वाचक, कणकवली

उत्तर: ताई, गेल्या वेळची बाटली वाईट होती असं तुमच्या पत्रावरून तरी वाटत नाही. ती गरम होती आणि तुमची सागोती तिखट होती. तोंड आवळणं आणि घशात जाळ होणं, या दोन्ही गोष्टी हजाराची बाटली सोडून पाच हजारांची आणली असती तरी झाल्या असत्या. तेव्हा कुठली घ्यायची ते सांगतोच, पण आधी या दोन गोष्टींबद्दल.

तोंड आवळतं ते टॅनिनमुळे. रेड वाइन काळ्या द्राक्षांच्या सालीबियांसकट आंबवतात, आणि साली-बियांतला तुरटपणा तिच्यात उतरतो. काजूचं बोंड खाल्ल्यावर घशाला जे धरतं, ते हेच टॅनिन. थुंकीतल्या प्रथिनांना ते चिकटतं, जिभेवरचा ओशटपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं. आता बोंड आपण कसं खातो? चकत्या करून, मीठ लावून. मिठाने तुरटपणा दबतो हे कोकणात पोराटोरांना ठाऊक असतं. वाइनचंही तसंच आहे. जेवणात मीठ नीट असेल आणि थोडा स्निग्धपणा असेल, तर तुरट वाइन मऊ लागते. अळणी किंवा नुसतं तिखट जेवण असेल तर तीच वाइन सुपारी चघळल्यासारखी लागते.

जाळ होतो तो मिरची आणि अल्कोहोल यांची गाठ पडल्यामुळे. जिभेवरच्या ज्या जागांना मिरची झोंबते, त्याच जागांना अल्कोहोलही चेतवतं. वाइन गरम असली की अल्कोहोलची वाफ नाकातोंडात आणखी चढते. म्हणजे मिरची, टॅनिन आणि गरम वाइन अशी तिघांची युती झाली होती. जावयांनी दोन घोट घेतले हेच खूप.

रेड वाइन ‘रूम टेंपरेचरला’ प्यायची, असं जे सगळीकडे लिहिलेलं असतं, ते थंड देशांतल्या खोल्यांना धरून आहे. तिथली खोली म्हणजे 16 ते 18 अंश. आपल्याकडे ऑक्टोबरात रात्री आठलाही घरात 29–30 अंश असतात. त्या तापमानाला कुठलीही रेड वाइन खोकल्याच्या औषधासारखी लागते. तुम्हाला हवीय साधारण 15 ते 16 अंशांची. घरात थर्मामीटर नसला तरी बिघडत नाही. बाटली हाताला माठातल्या पाण्याहून नक्की थंड आणि फ्रिजमधल्या पाण्याहून नक्की कमी थंड लागायला हवी.

तिथवर पोचायला घरच्या फ्रिजमध्ये सुमारे दोन तास लागतात. साडेआठला पानं घेणार असाल तर साडेसहाला बाटली फ्रिजमध्ये आडवी ठेवा, दारातल्या कप्प्यात नको, तिथे ती हळू थंड होते. फ्रीझरमध्ये घालून विसरू नका. वाइन गोठून फुगते आणि बूच बाहेर ढकलते, कधी काच तडकते. त्या दिवशी नेमकी वीज गेली तर बादलीत बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, मूठभर जाडं मीठ टाका आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. पंधरा मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात खोचू नका. खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटली नीट थंड होत नाही, पाण्याने ती सगळीकडून वेढली जायला हवी. मासळीवाल्यांना जातो तो कारखान्याचा बर्फ बादलीला चालेल, ग्लासात मात्र तो टाकायचा नाही. ग्लासात खरं तर कुठलाच बर्फ नको.

टेबलावर आल्यावर बाटली पुन्हा तापायला लागते. दमट हवेत थंड बाटलीला बाहेरून घाम फुटतो. पण घामावरून अंदाज घेऊ नका, बाटली हाताला माठातल्या पाण्याहून थंड लागते तोवर वाइन ठीक आहे. तो थंडपणा गेला की परत पाच मिनिटं बर्फाच्या बादलीत. ग्लासही एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरू नका, तळाची वाइन संपेस्तोवर कोमट होते.

आता दुकान. तालुक्याच्या दुकानात बिअर आणि व्हिस्कीचा खप मोठा, रेड वाइनचा कमी. त्यामुळे एखादी बाटली रॅकवर अख्खा मे महिना काढते. तेव्हा नावाआधी बाटलीची प्रकृती बघा. बाहेरच्या काचेत किंवा ट्यूबलाइटच्या खाली उभी असलेली घेऊ नका, आतल्या खोक्यातली काढायला सांगा. बूच बाटलीच्या तोंडाच्या वर आलेलं असेल, वेष्टनाखाली चिकट ओघळ असेल, किंवा वाइनची पातळी मानेपासून खाली खांद्यापर्यंत उतरलेली असेल, तर ती तापून गेलेली बाटली आहे. फिरवून उघडायचं झाकण असलेली मिळाली तर तीच घ्या. बूच नसलं की वाइन हलकी, हा जुना गैरसमज. झाकणाच्या वाइनला बुचाचा कुबट वास लागत नाही, उभी ठेवली तरी चालते, आणि घरात बूच काढायचा स्क्रू नाही म्हणून सुरीने उकरत बसायची वेळ येत नाही.

लेबलवर द्राक्षहंगामाचं वर्ष असतं. दोन-तीन वर्षांच्या आतलं घ्या. ‘जुनी तितकी चांगली’ हे फार थोड्या, महागड्या आणि थंड तळघरात ठेवलेल्या वाइनला लागू आहे. हजाराच्या आतली वाइन लवकर पिण्यासाठीच केलेली असते. त्याच लेबलवर अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं असतं. तुमच्या जेवणाला 13 टक्क्यांच्या आसपासची बरी, 14.5 ची नको. ‘रिझर्व्ह’ शब्दाला भुलू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ वाइन ओकच्या लाकडी पिंपात ठेवलेली आहे एवढाच असतो, आणि पिंपाचाही थोडा तुरटपणा तिच्यात उतरलेला असतो. पैसे जास्त देऊन तुम्ही तुमचा जुनाच त्रास विकत घ्याल.

द्राक्षाची जात कोणती, हा खरा प्रश्न. कोंबडीच्या सागोतीला आमची पहिली पसंती झिनफँडेल. नाशिकची सुला ती करते. तुरटपणा बेताचा, पिकलेल्या करवंदासारखी फळाची चव, आणि किंचित दालचिनीच्या अंगाचा वास. मालवणी मसाल्यातल्या दालचिनी-लवंगेशी त्याचं जुळतं. दुसरी पसंती सँजोव्हेज. हे इटलीच्या तोस्काना भागातलं द्राक्ष. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या मळ्यात ते पिकतं. याला आंबटपणा चांगला असतो, आणि ज्या घरात दोन पदार्थांत आमसूल पडतं तिथे तो कामी येतो. कारण पुढे सांगतो.

शिराझ आणि कॅबर्ने यांचं मिश्रण सगळ्यात सहज मिळतं. सुलाचं आहे, ग्रोव्हर झाम्पाचं ला रिझर्व्हही याच दोन द्राक्षांचं, पण ते ओकमधलं आणि वरच्या किमतीचं. हे मिश्रण तुम्ही मटण करणार असाल तर घ्या. मटणाची चरबी आणि प्रथिनं टॅनिनला गुंतवून ठेवतात, कोंबडीत तेवढी ताकद नसते. शिराझला काळ्या मिरीसारखा जो वास येतो तो नुसता भास नव्हे. मिरीत असलेलं रोटंडोन नावाचं द्रव्य शिराझच्या सालीतही सापडतं. नुसती कॅबर्ने सॉव्हिन्यॉं मात्र तिखटाबरोबर टाळा. गेल्या वेळी तीच आली असावी असा आमचा अंदाज. एक किंमत सांगून उपयोग नाही, दर कर आणि सवलतींप्रमाणे बदलतात. छापील किंमत बघा, आणि पहिल्या दोहोंपैकी जी हजारात बसेल आणि ताजी असेल ती उचला. नावापेक्षा ताजेपणा महत्त्वाचा. पिणारे दोघंच आहेत, तेव्हा 375 मिलिलिटरची अर्धी बाटली मिळाली तर तीही पुरेल. पूर्ण 750 च्या बाटलीत 150 मिलिलिटरचे पाच ग्लास होतात.

हजारातली परदेशी बाटली शक्यतो नको. शुल्क आणि वाहतूक वजा केली की तिच्यात वाइनची म्हणून फार थोडी किंमत उरते. त्याच पैशांत नाशिक-अकलूजची वाइन सरस पडते.

आणि ‘गोव्यातून स्वस्तात आणतो’ असं घरातलं कोणीतरी म्हणणारच. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा तपासणी नाका आहे. शिवाय उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत वाइन दोन तासांत शिजते. तिला काळ्या मनुकांच्या मुरंब्यासारखा वास येतो आणि ती पुन्हा थंड केली तरी परतत नाही. गोव्याची गोड पोर्ट वाइन ही वेगळीच गोष्ट, पोर्तुगालच्या पोर्टशी तिचा नावापुरताच संबंध. तरी खरं सांगायचं तर कडक तिखटाला गोडवा उतारा म्हणून चालतो. तुमच्या ह्यांना कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाइन अजिबात रुचली नाही तर थंडगार पोर्ट लहान पेल्यातून द्यायला आमची हरकत नाही. जावयांसमोर ‘रेड वाइन’ म्हणून ठेवू नका एवढंच.

आता स्वयंपाक. सागोतीची चव मोडायला आम्ही सांगणार नाही, पण चार ठिकाणी हात थोडा वळवा.

किलोभर कोंबडीला तुम्ही मालवणी मसाला चार चमचे घालत असाल तर अडीच घाला, आणि रंग कमी पडेल तो ब्याडगी मिरचीच्या पुडीने भरून काढा. वाटण कमी करू नका. उलट भाजलेलं सुकं खोबरं आणि कांदा हाच तुमचा खरा आधार आहे. खोबऱ्याचा स्निग्धपणा टॅनिन मऊ करतो. फक्त खोबरं तांबूस-तपकिरी झालं की उतरवा. काळं पडलं तर जेवताना ते चालून जातं, पण वाइनच्या घोटाबरोबर तो कडवटपणा दुप्पट होतो. पुन्हा पुन्हा बिघडते ती नेमकी हीच जागा, आणि दोष बाटलीला दिला जातो. उकळी आल्यावर शेवटी अर्धी वाटी जाड नारळाचं दूध घाला. मीठ पुरतं असू द्या, ‘मागाहून घेतील’ म्हणून अळणी ठेवू नका. वडे तळलेले आणि खारट, ते वाइनचे मित्रच.

कोलंबीच्या सुक्यात अर्धा किलोला पाच आमसुलं टाकत असाल तर या वेळी तीन. नियम सोपा आहे: जेवण वाइनहून जास्त आंबट झालं की वाइन पाणचट लागते. म्हणूनच वर सँजोव्हेज सुचवली, ती स्वतःच आंबटसर असल्यामुळे आमसुलापुढे टिकते. पानात लिंबाची फोड ठेवा, पण सागोतीवर पिळून लगेच घोट घेऊ नका म्हणावं.

सोलकढी त्याच कारणाने वाइनबरोबर नको. आमसुलाचा आगळ, त्यात लसूण-मिरची. यापुढे कुठलीच रेड वाइन उभी राहत नाही. वडे-सागोती संपून भात आला, ग्लास उचलले, की मग सोलकढीच्या वाट्या ठेवा. तशीही ती भातावरच खरी लागते.

बांगड्याचं मात्र कठीण आहे. रेड वाइन आणि तेलकट मासा यांचं जमत नाही, आणि त्याला कारण आहे. 2009 साली जपानी संशोधकांनी स्कॅलप या शिंपल्यांबरोबर अनेक वाइन चाखून पाहिल्या. वाइनमध्ये लोह जितकं जास्त, तितका तोंडात मागाहून येणारा हिवस वास जास्त, असं त्यांना आढळलं. लोहामुळे माशाच्या तेलातले घटक फुटतात आणि गंजका, मासळी बाजाराच्या फरशीसारखा वास उठतो. बांगडा तर तेलाने भरलेला. ताजा असला तरी रेडच्या घोटाबरोबर तो शिळा वाटेल, आणि तुमच्या हाताला उगाच बोल लागेल. तो दुपारच्या जेवणाला घ्या. रात्रीच बांगडा हवा असेल तर त्या वेळी लिंबूपाणी द्या आणि वाइन सागोतीच्या वेळी उघडा. कोलंबीला एवढी अडचण नाही. वाटणातली, भाजलेल्या खोबऱ्याची कोलंबी थंड केलेल्या झिनफँडेलबरोबर निभावते.

सुरुवातीला चकण्याला सुकट किंवा बोंबलाची चटणी ठेवू नका. सुक्या मासळीने वाइन कडू होते. खारे काजू भाजून ठेवा, किंवा फणसाचे तळलेले गरे.

घरी कोणी शाकाहारी असेल तर वेगळं काही शोधायला नको. काळ्या वाटाण्याचं सांबारं रेड वाइनला कोंबडीइतकंच, किंबहुना थोडं जास्त चांगलं लागतं. तेच वाटण, तेच भाजलेलं खोबरं, आणि वाटाण्याचा मातकट पिठूळपणा. ओल्या काजूची उसळ गोडसर असते, तिच्याबरोबर वाइन कडवट वाटते, तेव्हा ती करायची तर खोबरं भाजूनच करा.

बाटली जेवणाच्या वीस मिनिटं आधी उघडा आणि वाटीत घोटभर ओतून वास घ्या. पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या पुठ्ठ्याचा किंवा ओल्या गोणपाटाचा वास आला तर बुचाचा दोष आहे, ती वाइन सुधारत नाही. नेलपॉलिशसारखा झणका आला तर ती आंबून गेलीय. दोन्ही वेळा बाटली आणि पावती घेऊन दुकानात जा, म्हणून पावती जपा. नुसती तुरट किंवा बंद-बंद, म्हणजे वास दबलेली, वाटली तर काही बिघडलेलं नाही. ती एखाद्या स्टीलच्या जगमध्ये उंचावरून ओता, हवा लागून मोकळी होईल. पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात मात्र ओतू नका. वाइनला आंबटपणा आहे, कल्हई नसेल तर कळकेल. बुचाचे तुकडे आत पडले तर चहाच्या गाळणीतून गाळा. खास ग्लास विकत आणायची गरज नाही. पाण्याचे काचेचे, पोटाशी थोडे रुंद असतील ते चालतील. आदल्या दिवशी गरम पाण्याने धुऊन उलटे वाळवा, साबणाचा वास राहिला तर दुसरा कुठलाच वास येत नाही.

खरेदी शनिवारीच उरका. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर किंवा मतदानाच्या आसपासचा रविवार असेल तर ड्राय डेची चौकशी दुकानातच करून ठेवा. आणि जावई त्याच रात्री घाट चढून परत निघणार असतील तर बाटली उघडू नका, बरोबर बांधून द्या. न उघडलेल्या बाटलीची पावती सोबत असू द्या.

उरली तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, दोन-तीन दिवस चांगली राहते. बूच असेल तर ज्या टोकाने आत होतं तेच टोक खाली करून दाबा. अर्ध्याहून कमी उरली असेल तर लहान, काठोकाठ भरेल अशा बाटलीत ओतून ठेवा, हवा कमी तेवढी ती टिकते. सोमवारी दुपारी उरलेली सागोती गरम कराल तेव्हा बाटली अर्धा तास आधी बाहेर काढा, फ्रिजच्या थंडीत ती नुसतीच तुरट लागते.